बोकडाचं नरडं, आपली घाटी आणि बसलेला आवाज

शाळेची_घंटा · रविवार, रात्री ९:१०

शुक्रवारच्या बाजारातून बोकडाचं नरडं आणलं, सातवीच्या वर्गाला दाखवायला. खाटिकदादा म्हणाले, "मॅडम, याचे काय पैसे घ्यायचे?" जिभेच्या मुळापासून खाली वीतभर श्वासनलिका राहू द्या म्हटलं, तसं त्यांनी अख्खं काढून, धुऊन दिलं.

कारण आधी सांगते. आमची शाळा दारव्हा तालुक्यात. टिनाचं छत, दोन वर्ग एकाच खोलीत. पावसाळ्यात टिनावर पाणी वाजायला लागलं की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला अक्षरशः ओरडावं लागतं. बारा वर्षं हेच केलं. दोन वर्षांपूर्वी जुलैत आवाज बसला तो उठलाच नाही. ज्येष्ठमध झाला, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. सकाळी जरा बरा असायचा, तिसऱ्या तासाला फक्त हवा निघायची. दिवाळीच्या सुट्टीत यवतमाळला घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि पडद्यावर मला माझंच स्वरयंत्र दाखवलं.

ते दृश्य मी विसरणार नाही. मोत्यासारख्या पांढऱ्या दोन घड्या, पुढे एकमेकींना चिकटलेल्या, मागे फाकलेल्या. श्वास घेतला की मधे काळी त्रिकोणी वाट. "ई म्हणा" म्हटलं की दोन्ही झटकन मिटतात आणि त्यांची कड थरथरते. आणि त्या कडेवर, पुढच्या बाजूने एक तृतीयांश अंतरावर, दोन्हीकडे समोरासमोर ज्वारीच्या दाण्याहून बारीक गाठ. डॉक्टर म्हणाले, "निंदणाऱ्या बाईच्या हाताला घट्टे पडतात ना, तसे हे आवाजाचे घट्टे आहेत. घड्या सगळ्यात जोरात आपटतात ती हीच जागा." ऑपरेशन लागलं नाही. आवाजाची विश्रांती, भरपूर पाणी आणि बोलण्याची पद्धत बदलण्याचे व्यायाम, चार महिने. आज मी पुन्हा पूर्ण दिवस शिकवते.

ज्या अवयवावर माझं पोट आहे त्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, हे फार लागलं. म्हणून ते नरडं.

हातमोजे घालून टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पोरांना भोवती घेतलं. आधी श्वासनलिका. कडक कड्या एकावर एक, पण प्रत्येक कडी मागून उघडी, घोड्याच्या नालेसारखी. एका मुलीनं बरोबर ओळखलं: मागे अन्ननलिका टेकलेली असते, घास उतरताना तिला फुगायला जागा पाहिजे. वरची एकच कडी पूर्ण गोल, मागे रुंद आणि पुढे अरुंद, खड्याची अंगठी उलटी घातल्यासारखी. तिच्यावर पुढून ढालीसारखी कूर्चा. माणसात हीच ढाल गळ्यावर दिसते, तिलाच आपण घाटी किंवा कंठमणी म्हणतो. ढालीच्या वर, जिभेच्या मुळाशी, पिंपळाच्या कोवळ्या पानासारखी लवचिक झडप. बोटानं दाबली की वाकते, सोडली की उभी. आणि ढालीच्या आत त्या दोन घड्या.

मग सायकलचा पंप. नळी श्वासनलिकेत घालून दोऱ्यानं बांधली. एका पोरानं पंप मारला, नुसती फुस्स हवा. मग मी अंगठीच्या रुंद भागावर बसलेल्या दोन छोट्या कूर्चा चिमटीत धरून जवळ आणल्या आणि पुन्हा पंप मारायला सांगितला. भ्यँऽऽ असा जाड, ओला आवाज निघाला. दोन पोरी मागे सरकल्या. ढाल जरा पुढे ओढून घड्या ताणल्या, तर तोच आवाज बारीक झाला. त्यानंतर वर्गात जी शांतता पसरली तशी मी बारा वर्षांत पाहिली नव्हती.

आपल्याकडे कोणाला या घशाचा काही अनुभव असेल, काही माहिती असेल, तर इथे लिहा. पोरांनी विचारलेले तीन प्रश्न अजून माझ्या वहीत आहेत: मुलांचा आवाज का फाटतो, जेवताना ठसका का लागतो, आणि गुळण्यांनी बसलेला आवाज सुटतो का.

नाक_कान_घसा · रविवार, रात्री १०:०२

मॅडम, मी याच विषयाचा डॉक्टर आहे, वर्धा जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. तुम्ही केलेला प्रयोग फार जुन्या परंपरेतला आहे. १७४१ साली आंत्वान फेरँ या फ्रेंच वैद्यानं मेलेल्या प्राण्यांच्या आणि माणसांच्या स्वरयंत्रात असंच फुंकून आवाज काढला होता. त्याला वाटलं, हवा धनुकलीसारखी फिरते आणि व्हायोलिनच्या तारा छेडते. म्हणून त्यानं नाव दिलं 'तारा'. आपल्या पुस्तकातही 'स्वरतंतू' येतं. पण तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, ते तंतू नाहीतच. आत स्नायू, त्यावर मऊ जेलीसारखा थर, वरून पातळ ओली त्वचा, अशा घड्या आहेत. 'स्वरघडी' शब्द मला जास्त खरा वाटतो.

चालतं ते असं. मेंदू दोन्ही घड्या जवळ आणतो, तेवढंच त्याचं काम. खालून फुप्फुसाची हवा दाबते, घड्या फाकतात, हवेची झुळूक निसटते. झुळूक वेगानं जाताना दाब कमी होतो, घड्यांचा स्वतःचा ताणही असतो, त्या परत मिटतात. पुन्हा दाब, पुन्हा उघडणं. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास, तान्ह्या बाळाच्या रडण्यात चारशेच्याही वर. प्रत्येक थरथरीसाठी मेंदूकडून वेगळा निरोप येत असावा, असं १९५० च्या सुमारास काही जण मानत. डच शास्त्रज्ञ फान डेन बर्ग यांनी १९५८ साली हवेचा दाब आणि घड्यांची लवचिकता यांवर आधारलेली मांडणी पक्की केली. तुमचा सायकलचा पंप त्याचाच पुरावा: बोकडाचा मेंदू तिथे नव्हता, आवाज निघाला.

आवाज फाटण्याचं. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलाची ती ढाल झपाट्यानं वाढते, पुढे टोकदार होते आणि आतल्या घड्या लांब, जाड होतात. मोठ्या पुरुषात साधारण २० मिलिमीटर, बाईत १५. लांब-जाड घडी सावकाश थरथरते, आवाज जवळपास एका सप्तकानं खाली येतो. शरीर नवं आणि सवय जुनी, म्हणून काही महिने आवाज मधेच चिरकतो. 'कंठ फुटला' हा आपला शब्द किती नेमका आहे बघा. त्या पोरांना वर्गात कोणी हसणार नाही एवढं मात्र तुम्ही बघा, मी लहानपणी सहा महिने कविता म्हणणं सोडलं होतं.

गुळण्यांचं उत्तर 'नाही' असं आहे. गुळणीचं पाणी, मध, खडीसाखर, काढा, काहीही स्वरघड्यांना शिवत नाही. शिवलं तर जोराचा ठसका लागेल, कारण त्या श्वासाच्या वाटेत आहेत. गुळणीनं वरचा घसा शेकतो, आराम वाटतो, तेवढंच. पाणी पिऊन जो ओलावा मिळतो तो रक्तातून, तास-दोन तासांनी. थेट पोचते ती फक्त वाफ.

पळसफूल · रविवार, रात्री १०:४०

ठसक्याबद्दल आईचं म्हणणं ठरलेलं, "कोणीतरी आठवण काढली." पण मागच्या वर्षी माझ्या भाच्यानं, दोन वर्षांचा, शेंगा खाताना हसत हसत दाणा ओढून घेतला. आधी खूप खोकला, मग एकदम गप्प. आम्हाला वाटलं गिळला. तीन दिवस छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, चौथ्या दिवशी ताप. एका दवाखान्यात सर्दीचं औषध देऊन परत पाठवलं. शेवटी नागपूरला दुर्बिणीनं दाणा काढला, उजव्या फुप्फुसाच्या नळीतून. लहान लेकरं घरात असतील त्यांनी हे वाचाच.

नाक_कान_घसा · रविवार, रात्री ११:०५

पळसफूल ताई, भाचा वाचला हे मोठं. उजवी नळी जास्त रुंद आणि जास्त सरळ असते, म्हणून बहुतेक वेळा वस्तू उजवीकडेच जाते. शेंगदाणा, चणा, सीताफळाची बी, हे आमच्या भागातले नेहमीचे गुन्हेगार. खोकला आला आणि मग थांबला, म्हणजे वस्तू निघाली असं कधीच धरू नका.

स्वरयंत्राचं पहिलं काम आवाज नाही, ते दार आहे. हवेची आणि अन्नाची वाट घशात एकमेकींना छेदते. घास गिळताना अख्खं स्वरयंत्र वर-पुढे उचललं जातं (घाटीवर बोट ठेवून थुंकी गिळा, कळेल), पानासारखी झडप मागे वाकते, आत घड्या घट्ट मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. बोलताना दार सतत उघडझाप करत असतं, तेवढ्यात घास आला की चुकामूक. मग खोकला येतो, म्हणजे दार मिटून खाली दाब साठवून एकदम उघडणं.

तेच दार जोर करतानाही मिटतं. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेताना बाई "हं" करते ना, तेव्हा छातीतली हवा आत कोंडलेली असते. त्या कोंडलेल्या हवेवर पाठ टेकते.

वस्तू अडकून लेकराला खोकताही येत नसेल, आवाजच निघत नसेल, तर दोन खांद्यांच्या मधे पाठीवर तळहातानं पाच जोरदार थापा. मग वर्षाच्या वरच्या लेकराला मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर पाच दाब, वर्षाच्या आतल्याला पोटावर नाही, छातीच्या मधे दोन बोटांनी. आळीपाळीनं करत राहा, कोणीतरी गाडी बघा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालून शोधू नका, ती आणखी खाली जाते.

दंडार · सोमवार, सकाळी ७:३०

नमस्कार. मी झाडीपट्टीच्या नाटकात काम करतो, वडशाच्या कंपनीत. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज वेगळं गाव, शंकरपट (बैलांची शर्यत) नाहीतर मंडई (गावची जत्रा) असते, रात्री दहाला पडदा वर आणि उजाडता उजाडता खाली. थंडी, धूळ, शेकोटीचा धूर, सगळं घशात.

सहा वर्षांपूर्वी एका प्रयोगात पोरगा मेल्याचं कळतं तिथे मी किंकाळी फोडली. त्याच क्षणी काहीतरी तुटल्यासारखं झालं. दुखलं नाही, पण पुढच्या वाक्याला आवाजच नव्हता. सहकलाकारांनी कसाबसा अंक ओढला. सकाळी ब्रह्मपुरीहून नागपूर गाठलं. डॉक्टर म्हणाले, घडीतली बारीक रक्तवाहिनी फुटली आहे, त्वचेखाली रक्त साचलंय. सात दिवस एक शब्द नाही. मी विचारलं, कुजबुजलं तर चालेल? ते म्हणाले, नाही, पाटी घ्या.

डॉक्टरसाहेब, कुजबुजण्यानं काय होतं? अजूनही आमच्यातले सगळे आवाज बसला की कुजबुजत फिरतात.

नाक_कान_घसा · सोमवार, दुपारी २:१५

कुजबुजताना घड्या थरथरत नाहीत, पण वरचं सगळं स्वरयंत्र बऱ्याच जणांत आवळलं जातं. ताण वाढतो, विश्रांती होत नाही. रक्त साचलं असताना तर बोलूच नये, खाकरूही नये. तुम्ही वेळेत गेलात, नाहीतर तिथे कायमचा व्रण राहिला असता.

तुमच्यासाठी एक गोष्ट. जिवंत माणसाच्या बोलत्या स्वरयंत्राचा पद्धतशीर अभ्यास पहिल्यांदा डॉक्टरनं नाही, एका गायनशिक्षकानं केला. मान्वेल गार्सिया, जन्मानं स्पॅनिश. १८५४ साली त्यानं दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्याच घड्या गाताना पाहिल्या. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. आमची अख्खी शाखा त्या आरशावर उभी आहे.

काना_मात्रा · सोमवार, सायंकाळी ६:२०

मी मराठी शिकवते, मोर्शीकडे. तुमच्या सातवीला हे करून बघायला सांगा. घाटीवर दोन बोटं ठेवा, 'सऽऽऽ' म्हणा. काही नाही. आता 'मऽऽऽ' म्हणा, बोटांना गुणगुण लागेल. मग 'क' आणि 'ग', 'ट' आणि 'ड', 'प' आणि 'ब'. जीभ, ओठ त्याच जागी, फरक फक्त खाली घड्या थरथरल्या की नाही याचा. आपल्या वर्णमालेत प्रत्येक वर्गातली पहिली दोन अक्षरं अघोष आणि उरलेली तीन घोष आहेत, ती याच हिशोबानं. आणि वर्गांचा क्रमही घशाकडून ओठाकडे: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. कंठ उघडा असला की श्वास आणि मिटला की नाद, एवढं प्रातिशाख्यांत, म्हणजे वेदांच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथांत, स्पष्ट नोंदलेलं आहे. कॅमेरा नसताना, नुसत्या कानानं आणि बोटानं! मला हे शिकवताना दर वर्षी अंगावर काटा येतो.

जागल्या · सोमवार, रात्री ९:४८

मॅडम, डॉक्टरसाहेब, मी रोज वाचतो, लिहीत नाई. पन आज लिहितो.

माह्या बापानं तीस वर्सं जागल केली. तुरीत, चन्यात रानडुकरं घुसतात, रोही येते. मचानावर बसून रातभर हाका. टिनाचा डबा वाजवाचा आन वरडाचं. थंडीत बिडी. तीन वर्सापहिले बापाचा आवाज बसला. आमाले वाटलं जागलीनं बसला. बापाले बी तेच वाटलं. गावात एका डॉक्टरनं सुया देल्या, महिन्यानं पुन्हा देल्या. पाच महिने गेले. मंग श्वास घेताना घरघर याले लागली, तवा सेवाग्रामले नेलं. कॅन्सर निघाला, पसरलेला. सारं स्वरयंत्र काढा लागलं. आता बाप गळ्याच्या भोकातून श्वास घेते.

लोकाईले वाटते फक्त आवाज गेला. तसं नाई. नाकातून हवा जात नाई म्हनून वास येत नाई. पह्यला पाऊस पडला तं बाप अंगनात उभा राह्यला आन माह्याकडे पाहत राह्यला, मले समजलं त्याले काय म्हनाचं होतं. फुंकनीनं चूल फुंकता येत नाई. नदीत उतरता येत नाई, पानी भोकात गेलं तं सरळ फुप्फुसात. कापूस वेचाच्या दिवसात गळ्यावर ओलं फडकं बांधून राहते, नाईतं धस आत जाते. गाठोडं उचलाले गेला तं ताकदच लागत नाई. कायले लागत नाई ते आज डॉक्टरसाहेबाचं वाचून समजलं. दारच नाई तं हवा कोंडन कशी.

बोलाचं तिथच्या बाईंनं शिकवलं. तोंडातली हवा अन्ननळीत दाबाची आन ढेकरीसारखी वर सोडाची, तिथचीच कातडी थरथरते. प, ट, क या अक्षरानं हवा सोपी जाते म्हने, म्हनून 'पाटी', 'पोपट', 'काका' असे शब्द देल्ले होते. दोन महिने काईच नाई. एक दिवस वावरात धुऱ्यावर बसून बाप आपल्या मनानं बोलला, "पऱ्हाटी." मी वखर सोडून पयत आलो.

शाळेची_घंटा · सोमवार, रात्री १०:१५

भाऊ, तुमचं लिहिणं घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. डॉक्टरसाहेब, किती दिवस आवाज बसला म्हणजे जायलाच पाहिजे, ते एकदा सरळ लिहा.

नाक_कान_घसा · सोमवार, रात्री १०:५०

तीन आठवडे. सर्दी-खोकल्यानं किंवा ओरडून बसलेला आवाज तोवर उठतो. नाही उठला तर घड्या बघायलाच हव्यात, आणि बिडी-सिगारेट ओढणारा असेल, गिळताना दुखत असेल, रक्त पडत असेल, गळ्यावर गाठ असेल, तर तीन आठवडेही थांबू नका. स्वरघडीवरचा कॅन्सर आवाज लवकर बिघडवतो, म्हणून तो लवकर सापडू शकतो. तेव्हा सापडला तर किरणांनी किंवा लेझरनं बरा होतो, बहुतेक वेळा स्वरयंत्रही वाचतं. सुया देऊन घालवलेले महिने म्हणूनच मला सहन होत नाहीत. सोबत दारू असेल तर धोका आणखी वाढतो. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) मुख्यतः तोंडाचा घात करतो, तो वेगळा धागा होईल.

कधी कधी दोष घशात नसतोच. डाव्या घडीची नस मेंदूतून निघून आधी छातीत उतरते, हृदयाच्या मोठ्या रोहिणीला खालून वळसा घालते आणि मग परत वर घशात येते. छातीतली गाठ तिला दाबते आणि माणूस सांगतो, "आवाज बसला." म्हणून नुसता घसा बघून मी थांबत नाही.

जागल्या भाऊ, वडिलांना माझा नमस्कार सांगा. अन्ननलिकेनं बोलणं पुष्कळांना साधत नाही.

जागल्या · मंगळवार, सकाळी ६:०५

सांगतला. बापाले सारं वाचून दाखवलं, बोकडाचं बी. बाप म्हनते, पोराईले पाहाचं असंन तं मी येतो शाळेत, बोलून दाखवतो. वेचनी उरकली की.

शाळेची_घंटा · मंगळवार, सकाळी ६:४०

नक्की आणा. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा बरं पडेल. बाबा बोलतील तेव्हा पंखा बंद ठेवू, आणि पोरांना पुढे सतरंजीवर जवळ बसवते.